महाद्वार रोडवरचा खांब हलत का नाही?

विसर्जनाच्या रात्री कोल्हापुरात महाद्वार रोडवर पापाच्या तिकटीजवळ उभं राहिलं की एक माणूस हमखास दिसतो. ट्रॉलीवर, मूर्तीच्या अगदी खेटून तो उभा असतो. हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला आडवी पट्टी ठोकलेली. मुकुट तारांजवळ आला की तो पट्टीने तार उचलून धरतो, ट्रॉली वीतभर पुढे सरकते, मग ती तार हळूच सोडून तो पुढची उचलतो. खाली हलगी घुमत असते, गुलाल उडत असतो, आणि या माणसाची नजर तासन्‌तास वर. लहानपणी मला त्याचं फार कौतुक वाटायचं. आता त्याला पाहिलं की पोटात गोळा येतो, कारण त्या जुडग्यातली कुठली तार इंटरनेटची आणि कुठली विजेची, हे खालून कुणालाच ओळखता येत नाही.

६ मे २०२५ला राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिर परिसराच्या विकासासाठी १,४४५ कोटींच्या आराखड्याला मंजुरी दिली. तेव्हापासून जुन्या पेठांचं रूप पालटण्याच्या गप्पा चहाच्या टपरीपासून तालमीच्या कट्ट्यापर्यंत चालू आहेत. दगडी फरसबंदी, दर्शनमंडप, पार्किंग, सगळ्याची चर्चा होते. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या खांबाची मात्र कुणी करत नाही. माझं म्हणणं असं की पेठेचा रस्ता सुधारायचा असेल तर पहिला कागद खांबाचा निघाला पाहिजे. तो का निघत नाही आणि कसा निघू शकतो, ते समजून घेऊ.

खांब एक, मालक तीन

साध्या खांबापासून सुरुवात करू. आपल्याकडचा लघुदाब वाहिनीचा सिमेंटचा खांब साधारण आठ मीटर लांबीचा असतो. त्यातला दीड मीटरच्या आसपास जमिनीत जातो, साडेसहा मीटर वर राहतो. घरा-दुकानांना जाणाऱ्या चार-पाच तारा त्यावर असतात. मोठ्या रस्त्याला त्याहून उंच खांबावर ११ हजार व्होल्टची उच्चदाब वाहिनी असते. दोन खांबांच्या मध्ये चौकटीवर बसवलेलं रोहित्र, ज्याला आपण सगळे डीपी म्हणतो, तिथे हा दाब घरगुती वापराच्या पातळीवर उतरतो.

हा खांब आणि त्यावरच्या विजेच्या तारा महावितरणच्या. २००५ साली वीज मंडळाचे तुकडे झाले तेव्हा वितरणाचं सगळं जाळं या कंपनीकडे आलं. त्याच खांबावर दिवा लावायची आणि त्याचं बिल भरायची जबाबदारी महापालिकेची, कारण रस्त्यावर उजेड ठेवणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे पालिकेचं बंधनकारक काम आहे. आणि त्याच खांबाला गुंडाळलेली काळी वेटोळी इंटरनेट आणि केबलवाल्यांची. खांब ज्या जमिनीत रोवलाय ती जमीन रस्त्याची, म्हणजे पुन्हा पालिकेकडे.

आता कायद्याच्या बाजूने पाहा. वीज हा राज्यघटनेप्रमाणे केंद्र आणि राज्य दोघांचा विषय. दूरसंचार पूर्णपणे केंद्राचा. रस्ते, दिवे आणि नगररचना ही ७४व्या घटनादुरुस्तीनंतर शहराच्या कारभाराची कामं. एका खांबापाशी दिल्ली, मुंबई आणि कोल्हापूर तिन्ही येऊन उभी राहतात. आपण एका टेबलाकडे अर्ज करतो, तिथला माणूस दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो, आणि तो खोटंही बोलत नसतो.

वीज कायदा, २००३च्या कलम ६७ने वितरण कंपनीला रस्ता उकरून वाहिनी टाकायचा अधिकार दिलाय. तिथेच अशीही अट घातलीय की नुकसान आणि गैरसोय शक्य तितकी कमी करायची आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. त्यावरून वाद झाला तर तो वीज नियामक आयोगापुढे जातो. पालिका रस्त्याची मालक असली तरी खांबाला सरळ “चल, निघ” म्हणू शकत नाही, ते यामुळे.

आराखड्यात खांब नसतो

डीपी हा शब्द कोल्हापुरात दोन अर्थांनी चालतो. वायरमनला विचारलं तर तो रोहित्राकडे बोट दाखवतो. नगररचना विभागात विचारलं तर समोर शहराचा विकास आराखडा येतो. पहिला डीपी दुसऱ्या डीपीत कुठेच नसतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे बनणाऱ्या विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी असते, आरक्षणं असतात, शाळा-बागा-पार्किंग असतं. पण १२ मीटरच्या रस्त्यात चालायला किती, गाड्यांना किती, झाडांना किती आणि खांबाला किती, ही वाटणी त्यात नसते. ती वाटणी रस्त्याच्या छेदात दिसते. रस्ता आडवा कापला तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीच्या वर आणि खाली, काय काय कुठे आहे याचं चित्र म्हणजे छेद. हे चित्र रस्त्याचं काम करणारा विभाग काढतो, तेही निविदा काढायची वेळ आल्यावर. बरेचदा त्यात डांबराचे थर अगदी मिलिमीटरपर्यंत असतात, आणि खांब हा “असलेला” म्हणून एका ठिपक्यावर भागवलेला असतो.

त्यातून नगररचना कायद्याच्या कलम ४३मध्ये काही कामांना परवानगीतून सूट आहे. सरकार किंवा स्थानिक संस्था गटारं, नळ, केबल तपासणार, दुरुस्त करणार, बदलणार असेल आणि त्यासाठी रस्ता उकरणार असेल, तर त्याला विकास परवानगी लागत नाही. सवलत रास्त आहे, नाहीतर फुटलेला नळ दुरुस्त करायला नकाशा मंजूर करून घ्यावा लागला असता. पण परिणाम असा की तुमच्या घराच्या गॅलरीचा वीतभर भाग नगररचना विभाग टेप लावून तपासतो, आणि त्याच गॅलरीसमोरच्या तारांचं जाळं कुठल्याच नकाशावर न येता वाढत राहतं.

काकीची गॅलरी

याचा अनुभव आमच्या घरात आला. मंगळवार पेठेत काकीचं घर, गल्ली जेमतेम दहा फुटांची. जुन्या मातीच्या भिंती उतरवून तिने नवीन बांधकाम काढलं. इंजिनिअरने जागेवर येऊन वर पाहिलं आणि म्हणाला, “काकी, एक तर तार सरकवा, न्हाईतर गॅलरी सरकवा.” काकी ताडकन म्हणाली, “घर माझ्या आजेसासूनं बांधलंय. तार नंतर आली. मी का सरकू?”

दोघांचंही बरोबर होतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत इमारत आणि तार यांच्यातलं अंतर ठरवून दिलंय. घरगुती पुरवठ्याची लघुदाब तार इमारतीच्या बाजूने जात असेल तर आडवं अंतर किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट. छतावरून जात असेल तर उभं अंतर किमान २.५ मीटर. ११ हजार व्होल्टच्या तारेला उभं अंतर ३.७ मीटर आणि आडवं १.२ मीटर, ३३ हजारला आडवं २ मीटर. डिसेंबर २०२०मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही याच धर्तीचा तक्ता आहे, त्यामुळे बांधकामाचा नकाशा याच कसोटीवर पाहिला जातो. दहा फुटी गल्लीत दोन्ही बाजूंना चार-चार फूट सोडले तर मध्ये दोन फूट उरतात. म्हणजे तार बरोबर गल्लीच्या मधोमध हवी. आणि खांब मधोमध उभा केला तर गल्लीतून रिक्षाही जाणार नाही, ॲम्ब्युलन्स तर सोडाच.

या कोड्याला नियमातच एक वाट ठेवलीय, आणि ती फारच थोड्यांना माहीत असते. अंतर पुरत नसेल तर ती तार पुरेशी इन्शुलेटेड हवी, आणि अर्थिंग केलेल्या उघड्या आधारतारेला ठरावीक अंतरावर बांधलेली हवी. त्या आधारतारेची ताकद किमान ३५० किलोचा ताण सोसण्याएवढी पाहिजे. रोजच्या भाषेत यालाच एरियल बंच केबल म्हणतात: चार उघड्या तारांऐवजी एकत्र पिळलेली काळी जाड केबल. गल्लीबोळात भूमिगत वाहिनी टाकायला जागाच नसते तिथे हा मधला मार्ग मला सगळ्यात व्यवहारी वाटतो. पाऊस-वाऱ्यात तारा एकमेकींना घासून ठिणग्या पडत नाहीत, आकडा टाकता येत नाही, आणि खांबावरचा आडवा लोखंडी पसाराही जातो.

“मी का सरकू” या काकीच्या प्रश्नालाही उत्तर आहे. २००६च्या विद्युत कामांसंबंधीच्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुणाच्या इमारतीत किंवा जमिनीवर वाहिनी टाकायची, खांबाचा आधार किंवा ताणाची तार बसवायची, तर मालकाची किंवा राहणाऱ्याची आधी संमती हवी. त्याने हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्यांची किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आधीच बसवलेला आधार काढावा किंवा बदलावा असं मालकाने सबळ कारण देऊन पटवलं, तर तसा आदेश जिल्हाधिकारी देऊ शकतात, आणि भरपाई किंवा वार्षिक भाडंही ठरवू शकतात. पण नीट वाचा: हे तुमच्या जागेतल्या, तुमच्या भिंतीवरच्या आधाराबद्दल आहे. दारासमोर सार्वजनिक रस्त्यात असलेल्या खांबाला ही वाट लागू पडत नाही. तिथे तुम्ही अर्ज करता, अंदाजपत्रक निघतं, आणि हलवायचा खर्च सहसा मागणाऱ्याच्या खिशातून जातो. रस्तारुंदीसाठी खांब हलवायचा असेल तर खर्च रुंदीकरण करणाऱ्या यंत्रणेने धरायचा. रुंदीकरणाच्या अंदाजपत्रकात हा आकडा धरलाच नाही की नवीन रुंद रस्त्याच्या मध्ये जुना खांब उभा दिसतो. कोल्हापुरात राहणाऱ्याला असं उदाहरण शोधायला लांब जावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी बांधकाम काढणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. चालू वाहिनीजवळ इमारत उभारताना किंवा वाढवताना आधी वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला नकाशासह लेखी कळवायचं असतं. मालकानेही आणि ठेकेदारानेही. स्लॅबची लोखंडी सळी खांद्यावर घेऊन वळणारा सेंट्रिंगचा गडी आणि मागून जाणारी तार, यांच्यातलं अंतर कुणी मोजत नाही. ते अंतर हा लेखी कागदच मोजतो.

१९ फुटांचा हिशेब

आता ट्रॉलीवरच्या माणसाकडे परत येऊ. रस्ता ओलांडून जाणारी लघुदाब तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर उंच हवी, उच्चदाब ६.१ मीटर. रस्त्याच्या कडेने समांतर जाणारी लघुदाब तार ५.५ मीटर, उच्चदाब ५.८ मीटर. ५.८ मीटर म्हणजे बरोबर १९ फूट. चार फुटी ट्रॉलीवर पंधरा फुटी मूर्ती ठेवली की तेवढेच १९ फूट होतात. तारेला मध्ये झोळ असतो, उन्हात ती आणखी उतरते, आणि रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर पडून रस्ताच वर येतो. जुनं डांबर खरवडून न काढता त्यावर नवं अंथरलं की खांब आहे तिथेच, पण तार जमिनीच्या जवळ. एकही वायरमन वर न चढता अंतर कमी झालेलं असतं. म्हणून पेठेतल्या रस्त्याचं काम निघालं की मी पहिल्यांदा पाहतो ते जुनं डांबर खरवडणारं मिलिंग मशीन आलंय का.

इंटरनेटच्या तारांचा हिशेब वेगळा. त्या विजेच्या तारांच्या खाली बांधल्या जातात, त्यामुळे मिरवणुकीला आधी त्याच आडव्या येतात. दूरसंचार कंपन्यांना रस्ता आणि खांब वापरायची परवानगी कशी द्यायची याचे केंद्राचे नियम २०१६मध्ये आले. २०२२च्या दुरुस्तीत दिव्याचे खांब, सिग्नल अशा रस्त्यावरच्या वस्तू छोट्या उपकरणांसाठी आणि केबलसाठी वापरायची सोय झाली. २०२३च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५पासून लागू आहेत. यातली पालिकेने ओळखून राहावं अशी तरतूद एकच: अर्जाला ठरल्या मुदतीत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. म्हणजे फाईल दाबून ठेवणं हाही होकारच. पालिकेने “आमच्या या रस्त्यांवर तारा फक्त डक्टमधून, म्हणजे जमिनीखालच्या नळीतून” असं धोरण आधी ठरवून ठेवलं असेल तर ते अर्जाच्या उत्तरात सांगता येतं. अर्ज आल्यावर विचार करायला बसलं की वेळ संपतो.

सगळं जमिनीखाली घाला की!

हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत ऐकलंय. मुंबईच्या जुन्या भागात बेस्टचं जाळं बहुतेक भूमिगतच आहे. काशीच्या गल्ल्यांतल्या तारा केंद्राच्या एकात्मिक ऊर्जा विकास योजनेतून जमिनीखाली गेल्या, आणि तिथल्या गल्ल्या आपल्या गल्ल्यांपेक्षा रुंद नाहीत. तेव्हा होत नाही असं नाही. पण काय काय करावं लागतं ते डोळ्यांसमोर हवं.

लघुदाब केबल साधारण पाऊण मीटर खोल, ११ हजारची ९० सेंटीमीटर, ३३ हजारची एक मीटरच्या वर. महाद्वार रोडच्या पोटात त्याच खोलीवर पाण्याच्या नळांची, ड्रेनेजची, टेलिफोनच्या जुन्या केबलींची दाटी आहे. कुठल्याही जुन्या पेठेत खड्डा काढला की नकाशात नसलेलं काहीतरी निघतंच. म्हणून आधी चाचणीचे खड्डे, मग खालचा नकाशा, मग खुदाई. यातली पहिली पायरी वगळली की पुढचे सहा महिने पाण्याचे टँकर फिरतात.

केबल खाली गेली तरी डीपी वरच राहते. लघुदाबावर वीज लांब नेली की दाब पडतो, म्हणून रोहित्र बाजाराच्या मध्येच हवं. तसंच रिंग मेन युनिटचा, म्हणजे उच्चदाब वाहिनीच्या स्विचचा, बंद डबा आणि प्रत्येक चाळीस-पन्नास पावलांवर फीडर पिलर नाहीतर मिनी पिलर, म्हणजे घरा-दुकानांना वीज वाटून देणारी पेटी. ही सगळी खोकी कुठेतरी जमिनीवर बसणार. एकत्रित नियमावलीत २,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर, वीज कंपनीला गरज वाटली तर, रोहित्रासाठी पाच बाय पाच मीटर जागा ठेवायची तरतूद आहे. पण पेठेतला वाडा किंवा दुकानगाळा एवढा मोठा असतोच कुठे? त्यामुळे खासगी जागेतून जागा मिळत नाही आणि डबा पदपथावर येतो. खांब गेला, पण त्याच्या जागी कपाटाएवढी पेटी आली, तर चालणाऱ्याला काय मिळालं? मंदिर आराखड्यात ज्या जागा ताब्यात घेतल्या जातील, पार्किंग आणि मंडप होतील, त्यांच्या तळमजल्यात रोहित्रांच्या खोल्या आत्ताच आखल्या तर हा प्रश्न सुटतो. नंतर ती जागा मिळणार नाही.

पुराचं तर कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या खालच्या गल्ल्या, दुधाळी, गंगावेशीकडचा भाग पाण्यात होता. अशा भागात भूमिगत केबल चालते, कारण केबल पाण्यात टिकते. टिकत नाहीत ते जोड, पिलर आणि रिंग मेन युनिट. ते पुराच्या रेषेच्या वर चौथऱ्यावर घ्यावे लागतात, आणि मग गल्लीत माणसाच्या डोक्याइतका उंच चौथरा येतो. महाद्वार रोड, गुजरी, भाऊसिंगजी रोड हा मंदिराभोवतीचा पट्टा उंचावर आहे, तिथे ही अडचण नाही. म्हणून सगळ्या शहराला एकच मोजमाप लावू नये असं मला ठामपणे वाटतं: वर भूमिगत, खाली पूरपट्ट्यात बंच केबल आणि उंच खांब.

आणि एवढं सगळं करूनही खांब उभाच राहू शकतो. कारण शेवटचा टप्पा दुकानदाराच्या मीटरचा. प्रत्येक दुकानाची सर्व्हिस वायर खांबावरून आलेली असते. ती काढून पिलरमधून आणायची, मीटरची जागा बदलायची, आतलं अर्थिंग नीट करायचं. पन्नासातली अठ्ठेचाळीस दुकानं झाली आणि दोन राहिली, तर खांब त्या दोघांसाठी थांबतो. तो थांबला की इंटरनेटवाला त्यालाच आणखी वेटोळी मारतो. फलक लावणारे तर टपूनच असतात.

चालायला किती?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथावर चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर, बाजाराच्या भागात २.५ मीटर, आणि डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही आडवं नको. खांब, कचरापेटी, झाड, पिलर हे त्या मोकळ्या जागेच्या बाहेर, रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात. खांब कडेच्या दगडापासून किमान ३० सेंटीमीटर आत, जमलं तर ६०. रस्ता छेदात एकदा हा पट्टा आखला की खांब, पिलर, दुकानाचा फलक, कुणी कुठे उभं राहायचं हे भांडणाशिवाय ठरतं. पट्टा नसेल तर खांब पदपथाच्या मध्येच येतो, बाबागाडी किंवा व्हीलचेअर घेऊन आलेला माणूस रस्त्यावर उतरतो, मागून दुचाकीचा हॉर्न.

पेठेच्या गल्लीत मात्र पदपथच नसतो. तिथे दिव्याचा खांब काढून दिवा भिंतीवरच्या कंसावर घ्यावा, हे मला सगळ्यात सोपं आणि सुंदर वाटतं. संमती मात्र घरमालकाची हवी.

मावळतीची वाट

कोल्हापुरात वरच्या जागेचा विचार करायला एक कारण आहे, जे फार थोड्या शहरांना असेल. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसंच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. किरणोत्सवात कधी किरणं गाभाऱ्यापर्यंत पोचतात, कधी मध्येच थांबतात. ढग असतात, धुकं असतं, आणि वाटेतले अडथळेही असतात: वाढीव मजले, गच्चीवरच्या टाक्या, शेड, फलक. त्या वाटेतले अडथळे काढायची मोहीम सणाच्या तोंडावर निघते.

माझं म्हणणं, मोहीम नको, नियम हवा. महाद्वारापासून पश्चिमेकडे किरणं ज्या कोनातून येतात ती पट्टी मोजून काढता येते, सूर्य कुठे मावळतो हे दर वर्षी बदलत नाही. त्या पट्टीत इमारतीच्या उंचीबरोबरच खांबाची उंची, रोहित्राची जागा, केबलचे गुंडाळे, मोबाईलचे छोटे मनोरे या सगळ्यांची मर्यादा विकास आराखड्यातच लिहिता येईल. एकत्रित नियमावलीत वारसा वास्तू आणि परिसरासाठी तरतुदी आहेत, पाया तिथे तयार आहे. एक तार किरण अडवत नाही, हे खरं. पण शंभर तारा, त्यावर लोंबकळणारी वेटोळी आणि त्याच खांबाला बांधलेला वाढदिवसाचा फ्लेक्स अडवतो.

कधी, आणि कुणाला विचारायचं

कामाला मुहूर्तही शोधावा लागेल. जून ते सप्टेंबर पाऊस, मग गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी. चैत्रात जोतिबाची यात्रा, उन्हाळ्याच्या सुट्टीत भाविकांची रीघ. उरतं ते दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंत, आणि त्यातही किरणोत्सवाचे दिवस. म्हणजे एका हंगामात एखाद-दुसरा रस्ता, तोही रात्रीच्या कामाने, गल्ली एक-एक करून. दुकानदार खुदाईला घाबरतो यात त्याची चूक नाही. त्याला तारीख द्या, पुढची गल्ली कधी उकरणार ते फळ्यावर लिहा, आणि उकरलेलं त्याच आठवड्यात भरा. मग तो स्वतः मीटर बदलायला पुढे येतो, हे मी पाहिलंय.

तुमच्या गल्लीत रस्त्याचं काम निघालं तर खांबावर रंगवलेला क्रमांक लिहून घ्या, दोन बाजूंनी फोटो काढा, खांबापासून दोन्ही भिंतींचं अंतर टेपने मोजा. तो कागद महावितरणच्या शाखा कार्यालयात आणि पालिकेच्या विभागीय कार्यालयात, दोन्हीकडे द्या आणि दोन्हीकडची पोच घ्या. सोबत एकच मागणी करा: रस्त्याचा छेद दाखवा. खांब हलवायचा आकडा अंदाजपत्रकात आहे का, रिकामा डक्ट टाकणार आहात का, जुना थर खरवडणार का. काँक्रीट पडायच्या आधी हे विचारलं तर बदल एका पानाचा असतो. नंतर विचारलं तर काँक्रीट फोडायला लागतं.

काकीच्या गल्लीत अखेर बंच केबल आली. गॅलरी दीड फूट आत गेली, खांब गल्लीच्या तोंडाशी आहे तिथेच आहे. पण दिवा आता तिच्या भिंतीवरच्या कंसावर आहे. संमतीच्या कागदावर तिने सही केली तेव्हा वायरमनला तिने बजावलं की कंस तुळशीवृंदावनावर उजेड पडेल असाच लागला पाहिजे, आणि तो तसाच लागलाय.